ज्वारीच्या जिल्ह्यात तांदळाची पोती: राज्याचे धान्य-धोरण ठरवणाऱ्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय, सचिव आणि कोणत्या जिल्ह्याच्या रेशनला कोणतं धान्य जाणार हे ठरवणारे सर्व अधिकारी,

सोलापूरहून नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या भागातल्या रेशन दुकानाच्या फळ्यावर या महिन्यात पुन्हा ‘तांदूळ, गहू’ एवढंच आहे. मध्यंतरी ज्वारी आली होती. काही महिने गव्हाच्या बदल्यात मिळाली, मग बंद झाली. का आली आणि का गेली, दोन्ही वेळा कोणी सांगितलं नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, “ताई, वरून येतं ते मी वाटतो.” वरून म्हणजे आपल्याकडून. म्हणून हे पत्र आपल्याला. आणि उघड लिहिते आहे, कारण अर्जावर आवक क्रमांक पडतो आणि पुढे काहीच घडत नाही, हा इथल्या बायकांचा जुना अनुभव आहे.

माझी ओळख थोडक्यात. मी इतिहासात एम. ए. केलं आणि पोटासाठी कडक भाकरी करते. आमचा बचत गट आहे. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत ठेवायची. शेंगाच्या चटणीबरोबर ती पुण्या-मुंबईला जाते, हल्ली परदेशातही जाते. गटातल्या बहुतेकींकडे प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे, एकीकडे अंत्योदयची. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो. 1 जानेवारी 2023 पासून तेही मोफत. फुकटच्या धान्याला नावं ठेवते म्हणून कोणी मला कृतघ्न म्हणेल. म्हणू दे. पण त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तीन भाव छापले होते: तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य, म्हणजे ज्वारी-बाजरीसारखं धान्य, 1 रुपया किलो. म्हणजे तिसरं धान्य कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. दुकानात मात्र ते पाहुण्यासारखं येतं आणि न सांगता निघून जातं.

आता या तांदळाचं पुढे काय होतं ते सांगते, कारण आपल्या अहवालांत ते येत नसणार. ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकला की आपल्या संगणकात धान्य ‘वाटप झालं’. इकडे दोन-चार दिवसांत गल्लीत दुचाकीवरून एक माणूस येतो, मागे तागाची पोती आणि हुकाचा वजनकाटा. ‘तांदूळ देता का?’ एवढंच विचारतो. भाव 15 ते 18 रुपये किलो, पैसे रोख. बाई ते पैसे घेऊन ज्वारीच्या दुकानात जाते. बरा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, 45-50 च्या खाली मिळत नाही. म्हणजे तीन किलो तांदूळ द्यावा तेव्हा एक किलो शाळू घरात येतो. तो तांदूळ पुढे कुठे जातो हे मी पाहिलेलं नाही. पण एवढ्या माणसांचं पोट या उलाढालीवर चालतं, म्हणजे कुठेतरी त्याला गिऱ्हाईक आहेच. कधी धाड पडली की बातमी येते ‘रेशनचा तांदूळ काळ्या बाजारात’. धाड टेम्पोवर पडते, चौकशी कार्डधारक बाईची होते. ती बाई चैन करायला तांदूळ विकत नाही हो. तिच्या घरात सकाळी डब्यात भाकरी लागते. दुपारी विडीच्या कारखान्यात नाहीतर यंत्रमागावर जायचं असतं, आणि सासऱ्यांना साखरेचा आजार म्हणून डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेलं असतं.

ही माझी पहिली तक्रार: आपण दिलेलं धान्य आणि आम्ही खाल्लेलं धान्य यांत अंतर आहे, आणि त्या अंतराचं भाडं आम्ही भरतो.

दुसरी तक्रार तांदळाच्या आतल्या गोष्टीची आहे, आणि इथे मला जरा लांब जावं लागेल. थोडा धीर धरा.

2021 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की 2024 पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ फोर्टिफाइड असेल. त्याप्रमाणे तो आला. लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व तांदळाच्या पिठात मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि शंभर किलो तांदळाला एक किलो या प्रमाणात घालतात. कल्पना म्हणून वाईट नाही. पण आमच्या गल्लीत या दाण्याला एकच नाव पडलं: प्लॅस्टिकचा तांदूळ. रंग किंचित वेगळा, धुताना काही दाणे वर तरंगतात. संध्याकाळी ओट्यावर बसून बायका सुपात तांदूळ पसरायच्या आणि तेच दाणे नखाने वेचून बाहेर टाकायच्या. म्हाताऱ्या बाईची नजर नीट चालत नाही, तर नातवंडाला शेजारी बसवून वेचून घ्यायच्या. सरकारने ज्याच्यासाठी पैसे मोजले तेवढंच नेमकं उकिरड्यावर. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर 2028 पर्यंत चालवायला मंजुरी दिली तेव्हा खर्च धरला होता 17,082 कोटी रुपये. त्यातून आमच्या दुकानाबाहेर मराठीत आणि तेलुगूत चार ओळींचा एक फलक लागला असता तर बरं झालं असतं. मी चार घरांत सांगून पाहिलं. दोन घरांनी ऐकलं, दोघींनी मलाच विचारलं, “तुला सरकारने पगारावर ठेवलंय का गं?”

पण फलक लावला असता तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. तांदळात लोह घालावं लागतं, कारण तांदूळ गिरणीतून येताना बरंच काही गमावून येतो. आपल्या खात्याचा हिशेबच आहे: गिरणीवाल्याला शंभर किलो धान दिलं की त्याने भरडून 67 किलो तांदूळ परत करायचा, उकड्याचा असेल तर 68. बाकीचं तूस, कोंडा, कणी. त्या कोंड्यातच दाण्याचं सत्त्व असतं, आणि ही गोष्ट सरकारांना माहीत होऊन शंभर वर्षं उलटून गेली.

ती कशी कळली, हा प्रसंग पुरवठ्याचं काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असायला हवा, असं मला वाटतं. जावा बेट तेव्हा डच लोकांच्या ताब्यात. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान नावाचा लष्करी डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. पायांतली ताकद जाते, सूज येते, हृदय थकतं आणि माणूस मरतो असा हा रोग. सैनिक, कैदी, मळ्यांवरचे आणि खाणींतले मजूर यांच्यात तो फार. आइकमान जंतू शोधत होता. 1889 च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडायला लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र शिजवलेला भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने सांगितलं, लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या साध्या, न पॉलिश केलेल्या तांदळावर आल्या आणि वाचल्या. एका नियमावर बोट ठेवणाऱ्या कारकुनी वृत्तीच्या आचाऱ्यामुळे वैद्यकाला वाट सापडली. आपल्या खात्याच्या इतिहासात नियमाचा एवढा उपयोग दुसरीकडे कुठे झाला असेल असं वाटत नाही. आइकमानला पुढे 1929 साली नोबेल मिळालं.

पण कोंबड्यांवरून माणसांचं ठरवता येईना. तेव्हा जावातलाच आरोग्य निरीक्षक फोर्डरमान याने बेटावरच्या 101 तुरुंगांची पाहणी केली. कैदी सुमारे पावणेतीन लाख. प्रत्येक तुरुंगात तांदूळ कोणता देतात तेवढं पाहिलं. पॉलिशचा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत साधारण 39 कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता. कोंड्यासकट तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागे जेमतेम एकाला. इंग्रजांच्या मलायात, क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात, 1905 साली फ्लेचर नावाच्या डॉक्टरने रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, पांढरा तांदूळ, दुसऱ्याला हिंदुस्थानी पद्धतीचा उकडा. पांढऱ्या तांदळाच्या गटातले 18 जण मेले. उकड्याच्या गटात त्या रोगाने कोणी मेलं नाही. उकडताना सालातलं सत्त्व दाण्यात मुरतं, हे तिथल्या तमिळ मजुरांच्या बायकांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या पिढ्यान्पिढ्या तसाच तांदूळ खात आल्या होत्या. आपल्या कोकणातही उकड्या तांदळाची पेज याच कारणाने टिकली असावी असं मला वाटतं, पण हा माझा तर्क.

1910 साली मनिलात उष्ण कटिबंधातल्या रोगांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची परिषद भरली. पॉलिशचा तांदूळ सतत खाण्याशी बेरीबेरीचा संबंध आहे, सरकारांनी यावर काही करावं, असा ठराव झाला. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. तिथल्या सरकारने तुरुंग, इस्पितळं, सरकारी संस्था यांतून पॉलिशचा तांदूळ हद्दपार केला आणि तिथला बेरीबेरी ओसरला. बाजारातल्या पॉलिशच्या तांदळावर कर लावावा अशी सूचनाही पुढे आली. ती मंजूर झाली नाही. कारण उघड होतं. पांढरा तांदूळ महिनोन्महिने टिकतो, जहाजात सहजी खराब होत नाही, किडत नाही, रंगून-सायगाव-बँकॉकच्या वाफेच्या गिरण्यांना तोच काढणं परवडतं. सरकारने आपल्या स्वयंपाकघरापुरती शिस्त लावली आणि गिरणीला हात लावला नाही. मजूर मात्र बाजारातलाच तांदूळ खात राहिला.

आपल्या देशात, तमिळनाडूतल्या कुन्नूरला, 1918 साली रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरने एका खोलीत बेरीबेरीची चौकशी सुरू केली. त्याच खोलीतून वाढत वाढत आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मी हे सांगते आहे कारण पुढचे आकडे त्याच संस्थेच्या 2017 च्या अन्नघटकांच्या तक्त्यातले आहेत. गिरणीच्या पांढऱ्या तांदळात 100 ग्रॅमला लोह सुमारे 0.65 मिलिग्रॅम. ज्वारीत सुमारे 3.95. तंतू तांदळात 2.8 ग्रॅम, ज्वारीत 10 च्या वर. आणि फोर्टिफाइड तांदळाचं सरकारी मानक? किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह, म्हणजे 100 ग्रॅमला 2.8 ते 4.25.

हा हिशेब पुन्हा एकदा शांतपणे वाचा. विदर्भातलं धान किंवा परराज्यातलं धान घ्यायचं, गिरणीत भरडायचं, पॉलिश करायचं, कोंडा तेलाच्या कारखान्याला द्यायचा, दुसऱ्या कारखान्यात लोहाचे दाणे करायचे, ते मिसळायचे, पोती शेकडो किलोमीटर वाहून सोलापुरात आणायची. आणि एवढं करून लोहाच्या बाबतीत जिथे पोहोचायचं, तिथे मंगळवेढ्याच्या शेतातली ज्वारी आधीपासून आहे. ज्वारीतलं लोह अंगी किती लागतं यावर तज्ज्ञ बोट ठेवतील, तिच्यातली काही द्रव्यं ते अडवतात. मान्य. पण घातलेलं लोहही सगळं अंगी लागत नाही, आणि उकिरड्यावर गेलेलं तर अजिबातच लागत नाही.

स्वतंत्र भारताने गिरणीला हात लावून पाहिला होता, हेही नोंदवते. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. 1958 साली तांदूळ गिरणी उद्योग नियमन कायदा झाला: नवी गिरणी टाकायची तर सरकारचा परवाना, आणि तो देताना हातसडीच्या धंद्यावर काय परिणाम होईल ते पाहायचं. कागदावर चांगलं होतं. गिरण्या वाढतच गेल्या, हातसडी मागे पडली, आणि 1997 साली तो कायदाच रद्द झाला. तेव्हा गिरण्या बंद करा असं मी म्हणत नाही. ते होणारही नाही. आमच्याकडे मात्र असं धान्य आहे की ज्याला त्या गिरणीची गरजच नाही. ज्वारी निवडली, दळली, थापली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची पिठाची चक्की पुरते.

तिसरी तक्रार खरेदीची. केंद्र सरकार मालदांडीचा, म्हणजे आमच्या शाळूच्या वाणाचा, हमीभाव जाहीर करतं. 2025-26 साठी क्विंटलला 3749 रुपये. संकरित ज्वारीचा 3699. दोन्हींत फरक पन्नास रुपयांचा! ज्याने एकदा दोन्ही पिठांची भाकरी थापली आहे त्याला हे हसू येण्यासारखं आहे. पण तेही सोडा. मंगळवेढ्याकडचे ज्या शेतकऱ्यांकडून आम्ही शाळू घेतो ते सांगतात, रास होते फेब्रुवारी-मार्चात, हमीभावाच्या खरेदीची हालचाल दिसते त्यानंतर. नोंदणीचं संकेतस्थळ चालत नाही, मग बारदान नाही, मग गोदामात जागा नाही. तोवर ज्याला मुलीचं लग्न किंवा सोसायटीचं कर्ज आहे त्याने व्यापाऱ्याला माल घालून टाकलेला असतो. मग सरकार म्हणतं, शेतकरी ज्वारी देत नाहीत. ज्वारी काढणं सोपं नाही, हेही लक्षात घ्या. ताट मुळासकट उपटावं लागतं, हाताला घट्टे पडतात, मजूर मिळत नाहीत. शेतकरी कडब्यासाठी तरी पेरत होता, आता जनावरंही कमी झाली. ऊस आणि सोयाबीन यांच्याकडे रान चाललं आहे. रेशनसारखं हुकमी गिऱ्हाईक उभं राहिलं तरच हे थांबेल.

गंमत अशी की या पिकाला नावाची कमतरता कधीच नव्हती. मालदांडी 35-1 हे वाण इंग्रजांच्या काळात, 1930 च्या दशकात, याच जिल्ह्यात मोहोळला निवडलं गेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र सोलापुरात आहे. 2018 हे भरडधान्यांचं राष्ट्रीय वर्ष, 2023 आंतरराष्ट्रीय वर्ष. त्या वर्षी ‘श्री अन्न’ केंद्र सोलापूरला की बारामतीला यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. कमानी लागल्या, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, ज्वारीचा पिझ्झासुद्धा झाला. आमच्या गटालाही एक प्रमाणपत्र आहे, काचेच्या चौकटीत. रेशनच्या फळ्यावर मात्र ‘तांदूळ, गहू’.

आणि मध्यंतरी जी ज्वारी आली तिच्याबद्दल चौथी तक्रार. ती आमच्या भागातली नव्हती. कुठलीतरी पावसात सापडलेली खरिपाची संकरित, दाणा डागी, वास कुबट. पीठ विरी गेलेलं. थापायला घेतलं की कडेला चिरायची, उचलली की तुटायची. मी उकड काढून पाहिली, तरी जमेना. बायकांनी जनावरांना घातली. आणि मग अहवालात आलं असेल, ‘लाभार्थ्यांचा ज्वारीला अल्प प्रतिसाद’. साठ-सत्तरच्या दशकांतल्या टंचाईत अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती. आमच्या घरातली मोठी माणसं अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. तेव्हा देशात धान्यच नव्हतं, इलाज नव्हता. आज गोदामं भरलेली असताना ज्वारीच्या जिल्ह्याला असली ज्वारी?

टंचाईवरून आठवलं. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला, आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये 15 ते 30 लाख माणसं मेली. आकडा कोणाचा धरावा त्यावर आहे. त्यात साठेबाजी होती, लष्कराची खरेदी होती, किनाऱ्यावरच्या होड्या आणि तांदूळ काढून घेण्याचं सरकारचं धोरण होतं. मुंबईत 2 मे 1943 ला रेशन सुरू झालं. त्याच वर्षी सरकारच्या अन्नधान्य धोरणावरच्या ग्रेगरी समितीने एक लाखावर वस्तीच्या शहरांना रेशन लावायची शिफारस केली. सोलापूर तेव्हाच लाखाच्या पुढे गेलेलं होतं. मुंबईच्या भातखाऊ माणसाला तेव्हा गहू, ज्वारी, बाजरी गळी उतरवावी लागली. आज आमच्याकडे उलट झालं आहे. रेशनची ही चौकट युद्धातून जन्मली. शहरं शांत राहावीत, गिरण्या चालू राहाव्यात, यासाठी मिळेल ते धान्य मिळेल तिथून आणून समान वाटायचं. त्या वेळी ते बरोबरही असेल. पण परकं सरकार जाऊन इतकी वर्षं झाली आणि ‘मिळेल ते, सोयीचं ते’ हा हिशेब अजून तोच का?

या जिल्ह्याने धान्याच्या बाबतीत गप्प बसायची सवय कधी लावून घेतलेली नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली ही कथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही येते. 1876-77 च्या दुष्काळात सरकारने कामावरच्या मजुरांची मजुरी कापून दिवसाला एक रत्तल (साधारण अर्धा किलो) धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम टाकलं, आणि पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. माझं पत्र त्या मानाने साधं आहे. मला कोठार फोडायचं नाही.

आता आपल्या बाजूचा विचार करते. तांदूळ टिकतो, ज्वारी लवकर किडते. खरं आहे. म्हणूनच ती लांब न्यायची नसते. जिथे पिकते तिथे खायची असते. केंद्राचे भरडधान्य खरेदीचे नियम, वाटपाची मुदत, अनुदानाचा हिशेब हे अडथळे आहेत, हेही वाचून माहीत आहे. कर्नाटक आमच्या शेजारीच आहे. तिथे रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली जाते. आणि एक अडचण मी स्वतःच सांगते. सोलापुरात सगळे भाकरी खाणारे नाहीत. आमच्या पूर्व भागातली पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून आलेली, त्यांना भातच हवा. आमच्या गटात दोघी आहेत. कडक भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापतात, आणि घरी जाऊन रोज भात-पप्पू, म्हणजे भात-वरण, जेवतात. त्यांचा तांदूळ काढून त्यांना ज्वारी दिली तर उद्या त्याच ज्वारीचं पोतं दुचाकीवर जाईल. सरसकट ज्वारी हा माझा आग्रह नाही.

मागण्या अशा आहेत.

कार्डधारकाला निवड द्या. वर्षातून एकदा, दुकानातल्या यंत्रावरच, तांदूळ-गहू-ज्वारी यांपैकी काय किती हवं ते नोंदवू द्या. अंगठा घेता तसंच हे घ्या. त्या आकड्यावरून जिल्ह्याचा कोटा ठरवा, आणि तो आकडा जाहीर करा.

सोलापूर जिल्ह्यात लागणारी ज्वारी सोलापूर जिल्ह्यातूनच घ्या. रास होण्याआधी, जानेवारीअखेर, खरेदी केंद्रांची यादी लावा; बारदान आधी पोहोचवा; पैसे ठरल्या मुदतीत खात्यावर द्या. मालदांडीचा भाव आणि संकरितचा भाव यांत खरा फरक ठेवा, तो आपल्या हातात नसेल तर राज्याचा बोनस द्या. धानाला बोनस दिल्याचं आम्ही वाचलेलं आहे. शाळूने काय घोडं मारलं?

डागी, विरी गेलेली ज्वारी रेशनला पाठवू नका. पाठवण्याआधी नमुना तपासताना ओलावा मोजता तशी एक भाकरीही थापून बघा.

तांदूळ येत राहणारच. तो भरडला कधी, कोणत्या जिल्ह्यात, त्यात काय मिसळलं आहे, का मिसळलं आहे, याचा फलक मराठी आणि तेलुगूत प्रत्येक दुकानाबाहेर लावा. ज्यांना काही आजारामुळे लोह जास्त घ्यायचं नाही त्यांना कोणाला विचारायचं हेही त्यावर लिहा.

आणि पोटापुरता तांदूळ विकून ज्वारी घेणाऱ्या बाईचं कार्ड रद्द करण्याची भाषा थांबवा. वरच्या चार गोष्टी करा, तिला विकायची गरजच पडणार नाही.

उत्तर मला खासगीत नको. पुढच्या रब्बीच्या पेरणीआधी, म्हणजे शेतकऱ्याला रान ठरवता येईल अशा वेळी, वर्तमानपत्रांतून द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, कारण लिहा. आम्ही त्यावर बोलू. नमुना तपासायला माणसं कमी पडत असतील तर आमच्या गटातल्या बायका येतील, मानधन नको. पीठ आपण आणा, तवा आमच्याकडे आहे.

आपली,
कडक भाकरी करणारी एक कार्डधारक,
सोलापूर